नाक्यावरची माणसं

त्या नाक्यावर पाच माणसं असायची. एक पत्र्याच्या आडोशाला, एक जीपच्या बॉनेटला टेकून, दोन झोपडीत, आणि एक कुठे असायचा ते गोळी लागल्यावरच कळायचं. मोठ्या कष्टाने मी पाचही जणांना आडवं केलं, त्यांच्या पेटीतल्या गोळ्या भरून घेतल्या, त्यांच्याच जीपमधून पुढे गेलो. काम उरकून वीस मिनिटांनी त्याच रस्त्याने परतलो, तर नाक्यावर पाच माणसं. एक पत्र्याच्या आडोशाला, एक बॉनेटला टेकून.

मी की-बोर्डवर मूठ आपटली. काउंटरवरून आवाज आला, "भिया, की-बोर्ड पप्पा का है क्या?"

ही गोष्ट 2009च्या मे महिन्यातली. माझी बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता, आणि त्या मधल्या काळात मुलगा घरात दिसला तरी घरच्यांना राग येतो आणि नाही दिसला तरी येतो. बडा गणपती चौकाच्या मागच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर सायबर कॅफे होता. आठ मशीन, दोन पंखे, प्लायवुडचे आडोसे. तासाला 15 रुपये. सगळी पोरं काउंटर-स्ट्राइक खेळायची नाहीतर व्हाइस सिटीत गाड्या चोरत फिरायची. बरं ग्राफिक्स कार्ड एकाच मशीनला होतं, पाच नंबरच्या. त्यात कुणीतरी फार क्राय 2 टाकून ठेवला होता आणि तो कुणीच खेळत नव्हतं. कारण विचारलं तर कॅफेवाला म्हणाला, "पका देता है." डोकं पिकवतो. इंदूरच्या भाषेत याहून वाईट शेरा नाही.

गेम तेव्हा नवाच होता. युबिसॉफ्टच्या माँट्रियलच्या स्टुडिओने तो ऑक्टोबर 2008 मध्ये आणला होता. क्लिंट हॉकिंग हा त्याचा क्रिएटिव्ह डिरेक्टर, आणि ज्या इंजिनावर सगळं चालायचं त्याचं नाव 'दुनिया'. आपलीच दुनिया. सुरुवातीलाच पडद्यावर ते नाव आलं तेव्हा मला उगाचच ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं होतं.

आफ्रिकेतला एक देश, नाव सांगत नाहीत. सरकार कोसळलेलं. दोन टोळ्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, आणि दोन्हींना शस्त्रं पुरवणारा एक दलाल, त्याला जॅकल म्हणतात. आपण त्याला मारायला आलेले. पण आल्या आल्या आपल्याला मलेरिया होतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा तोच जॅकल खाटेशेजारी उभा असतो. मारत नाही. निघून जातो. मग साधारण 50 चौरस किलोमीटरचा प्रदेश, गवताळ माळ, जंगल, वाळवंट, नद्या, सगळं मोकळं. हवं तिकडे जा. फक्त प्रत्येक वळणावर नाका.

सुरुवातीला नऊ जणांच्या यादीतून आपण कोण ते निवडायचं असतं. मी कुर्बानी सिंग निवडला, कारण यादीत आपल्याकडचं वाटावं असं तेवढंच नाव. तो मॉरिशसचा. (मॉरिशसमध्ये मराठी घरंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण त्यांच्यातला एखादा भाडोत्री शिपाई करावा असं गेमवाल्यांना सुचलं नसावं. बरंच झालं.) हा सगळा खेळ आपल्या डोळ्यांतून दिसतो, त्यामुळे कुर्बानी सिंगचा चेहरा मला एकदाही दिसला नाही. फक्त हात दिसायचे. त्या हातांनी काय काय केलं! जखमी झालं की तो पक्कड घेऊन स्वतःच्या दंडातली गोळी उपटून काढायचा, उलटं वळलेलं बोट कटकन सरळ करायचा. जीप बंद पडली की खाली उतरून बॉनेट उघडायचा आणि पान्याने कुठलासा एकच नट पिळायचा. गाडीला गोळ्यांनी चाळण झालेली असो, आग लागायच्या बेतात असो, नट तोच. आमच्या घरच्या जुन्या स्कूटरचं बाबा असंच करायचे आणि तीही सुरू व्हायची, म्हणून मला त्याचं नवल वाटलं नाही.

वैताग सांगायला बसलो तर दिवस मावळेल. मेलेल्या माणसाची बंदूक उचलली तर ती गंजकी असायची, ऐन मोक्याला अडकायची. समोरून गोळ्या येतायत आणि कुर्बानी सिंग हातातल्या बंदुकीला थापट्या मारत उभा. फारच वापरली तर ती हातातच फुटायची. नवी घ्यायची तर हिरे लागत, कारण त्या देशात चलन हिऱ्यांचं. हिरे मिळवायला आडरानात लपवलेल्या पेट्या शोधायच्या. जवळ गेलं की एक हिरवा दिवा लुकलुकायचा, आणि दिवा बघत चाललं की कड्यावरून खाली.

नकाशा हा त्याहून मोठा प्रकार. त्या काळात बहुतेक खेळांत कोपऱ्यात एक गोल नकाशा असायचा आणि आपण बाणामागे जायचं. इथे नकाशा म्हणजे खरोखरचा कागद. गाडी चालवताना तो मांडीवर उघडायचा, मान खाली घालून बघायचा, आणि तेवढ्या वेळात खेळ थांबत नसे. मी किती झाडांवर जीप घातली त्याची गणती नाही. रस्त्यावरच्या फाट्यांना रंगीत पाट्या असायच्या. हळूहळू मी नकाशा कमी आणि पाट्या, टेकड्या, झाडं जास्त बघायला लागलो, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट: ज्या टोळीचं काम करतोय तिचीच माणसंही गोळ्या घालायची. कारण काम गुप्त आहे, खालच्या माणसांना तुझ्याबद्दल सांगितलेलं नाही, असं साहेब आधीच सांगून मोकळा. पाला नावाच्या गावात दोन्ही टोळ्यांची ठाणी, तिथे युद्धबंदी, सगळे आपल्याकडे नुसते डोळे वटारून बघणार. वेशीबाहेर पडलं की तीच माणसं जीप घेऊन मागे. पुढे नोकरीला लागल्यावर मला हा भाग फार वास्तववादी वाटला.

बस मात्र होत्या. प्रत्येक भागात मध्ये एक आणि कोपऱ्यांना काही बस स्टँड, बसलं की थेट दुसऱ्या टोकाला. आमच्यापासून गंगवाल बस स्टँड जवळ. तिथून धारची बस पकडायला ज्याने दुपारी उन्हात वाट पाहिली आहे त्याला त्या आफ्रिकेतल्या रिकाम्या, वेळेवर हजर बसचा आनंद कळेल.

कॅफेत जाण्या-येण्याची माझी वाट मंदिरावरूनच होती. बडा गणपती म्हणजे बाहेरच्यांना एक चौक वाटतो, रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता. आत मूर्ती आहे 25 फुटांची, बसलेली, शेंदरी, आणि रस्त्यावरून जाताना दारातून तिचा मधलाच भाग दिसतो; पूर्ण बघायची तर आत जाऊन मान वर करावी लागते. मूर्तीत चुन्या-विटांबरोबर गूळ, मेथीदाणा आणि सात मोक्षपुऱ्यांची माती घातली आहे असं आजी सांगायची. वर्षातून चार वेळा तिला शेंदूर-तुपाचा चोला चढवतात आणि एवढी मोठी मूर्ती असल्यामुळे एकेका वेळी पंधरा-पंधरा दिवस जातात. लहानपणी मला पायाडावर चढलेली माणसं दिसली की वाटायचं, यांचं झालं नाही का अजून? गेल्या वेळीच तर केलं होतं!

गणेशोत्सवात चौक तुंबतो. बुधवारीही गर्दी असतेच. मग मल्हारगंजातला प्रत्येक पोरगा जे करतो तेच आम्ही करायचो: चौकात जायचंच नाही. पिठाच्या गिरणीशेजारून आत घुसायचं, एका वाड्याच्या मागच्या दारातून पलीकडे, तिथे बांधलेल्या गायीला वळसा, की थेट घरच्या गल्लीत. या वाटा कुणी शिकवलेल्या नसतात. चौकाचा कंटाळा येतो, त्यातून त्या सापडतात.

साडेतीन आठवडे मी असा रोज दोन तास खेळलो, आणि एके दिवशी गेलो तर पाच नंबरचं मशीन फॉरमॅट झालेलं. व्हायरस आला होता म्हणे. माझे हिरे, नीट परवडतील तशा घेतलेल्या दोन बंदुका, सगळं गेलं. कॅफेवाल्याने सहानुभूतीपोटी अर्धा तास फुकट दिला. त्या अर्ध्या तासात मी पुन्हा पहिला नाका गाठला आणि पुन्हा मेलो.

त्याच वर्षी इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि घरी कॉम्प्युटर आला. बाबांनी तो 'प्रोजेक्टसाठी' घेतला होता. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात स्वस्तातलं. फार क्राय 2 लावला की चित्र चिकटत चिकटत सरकायचं. डब्याची बाजू उघडून मी टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून ठेवायचो आणि स्वतः घामाघूम व्हायचो. लाइट गेली की सगळं गेलं. त्यामुळे मला दर पाच मिनिटांनी खेळ साठवून ठेवायची सवय लागली. कॉम्प्युटरवर कुठेही साठवता यायचं, नशीब.

कॉम्प्युटर आजीच्या खोलीत होता, कारण दुसरी जागा नव्हती. आजी पलंगावर बसून निवडायचं-टिपायचं करायची आणि अधूनमधून चष्म्यावरून पडद्याकडे बघायची. तिला गोळीबाराचं काही वाटलं नाही. तिचं लक्ष मलेरियाकडे. खेळता खेळता मधेच पडदा पिवळा पडायचा, सगळं धूसर व्हायचं, आणि गोळी घेतली नाही तर माणूस कोसळायचा. गोळ्या संपल्या की लपून बसलेल्या गावकऱ्यांना देशाबाहेर जायचे कागद पोचवायचे, मग ते गोळ्या देणार. आजीने माळव्यातला हिवताप लहानपणी काढला होता. ती म्हणायची, "आधी कुनैन बघ किती राहिल्यात. एवढी हत्यारं घेऊन हिंडतोय मेला, आणि औषध संपेस्तोवर शुद्ध नाही." एकदा मी परीक्षेच्या अभ्यासाचं सोंग करत होतो तर तिनेच विचारलं, "त्याच्या गोळ्या आणल्यास का?"

आणखी एक प्रश्न तिने विचारला होता. "हा लढतोय कुणाच्या बाजूने?" मी सांगायला गेलो, दोन्हीकडून थोडं थोडं, पैशासाठी. तिने तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला आणि काही बोलली नाही.

आता आगीबद्दल सांगायला हवं, नाहीतर वाटेल मी नुसता छळ करून घ्यायला बसत होतो. त्या खेळात गवत खरंच पेटायचं. वाळलं गवत असेल आणि वारा असेल तर एक बाटली फेकली की आग त्या दिशेला सरकत जायची, झाडांना धरायची, झोपडीला धरायची, दारूगोळ्याच्या पेटीला धरायची. 2008-09 मध्ये असं दुसरीकडे मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळची वेळ, तांबूस माळ, लांबवर झेब्रे. मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन एका नाक्याजवळ आग लावली. अगदी हिशेबाने. ती डुलत डुलत नाक्याकडे निघाली. माणसं ओरडायला लागली. मी खुशीत खडकावर उभा. मग वाऱ्याने दिशा बदलली. पुढची दोन मिनिटं मी, झेब्रे आणि नाक्यावरचे दोघे असे सगळे एकाच दिशेला पळत होतो, आणि कुणी कुणाला मारत नव्हतं. शेवटी मी नदीत उडी टाकली.

तशी नदी मला सापडली.

म्हणजे ती नकाशावर होतीच, निळी. पण मी तिला अडथळा समजत होतो. पाण्यात पडल्यावर काठाकाठाने पुढे गेलो तर एक होडी बांधलेली. ती सोडली. इंजिनाची फटफट, दोन्हीकडे उंच काठ, वर कुठेतरी नाक्यावरच्या माणसांच्या गप्पा ऐकू येतायत आणि त्यांना मी दिसत नाहीये. ज्या ठिकाणी पोचायला रस्त्याने चार नाके लागायचे तिथे मी एकही गोळी न झाडता पोचलो. पाण्यातही गस्तीच्या होड्या असतात, ते नंतर कळलं. पण त्या संध्याकाळी एकही भेटली नाही. मी आजीला उठवून दाखवलं. ती झोपेतच म्हणाली, "बरं झालं. थंड हवा लागेल त्याला."

त्यानंतर मी त्या प्रदेशाचा रहिवासी झालो. कुठल्या नाक्यामागून डोंगराची धार जाते, कुठल्या घळीतून जीप निघते, रात्री कुठला पहारेकरी शेकोटीकडे तोंड करून बसतो. झोपडीत घड्याळ लावून झोपायचं आणि रात्री दोनला उठायचं, हे तर रोजचंच. आजही कुणी झोपेतून उठवून विचारलं तर पालाहून उत्तरेला कसं जायचं ते मी हातवारे करून सांगेन.

पुढचे भाग आले. 2012चा फार क्राय 3 सगळ्यांनी डोक्यावर घेतला. त्यात नाका एकदा जिंकला की तुमचा. तुमचा झेंडा लागतो, तुमची माणसं उभी राहतात, रस्ता कायमचा मोकळा. बंदुका अडकत नाहीत. टॉवरवर चढलं की नकाशा आपोआप उघडतो. मी तो चार दिवसांत संपवला, मजा आली, आणि आज त्या बेटावरचा एकही रस्ता मला आठवत नाही. चौथ्यात तर हिमालयातला काल्पनिक देश होता आणि शिपाई हिंदीत ओरडायचे. मित्रांना जमवून आम्ही ते ऐकत हसलो, पोहे खाल्ले, आणि संपलं.

2020च्या एप्रिलमध्ये इंदूर कडकडीत बंद होतं. आजी जाऊन पाच वर्षं झाली होती, तिच्या खोलीत माझं घरून काम चालायचं. पालिकेच्या गाड्या किराण्याच्या याद्या घ्यायला गल्लीत यायच्या, बाकी आवाज नाही. बड्या गणपतीच्या चौकात बांबू बांधून बॅरिकेड केलं होतं. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला मी चिठ्ठी घेऊन आठवड्यातून एकदा जायचो. पोलीस पाळीपाळीने बदलायचे; बांबू तोच, प्लास्टिकची खुर्ची तीच, आणि खुर्चीतल्या माणसाचा प्रश्नही तोच. चिठ्ठी बघून तो मान हलवायचा. इतका रिकामा चौक मी जन्मात पाहिला नव्हता. मंदिराचं दार बंद.

त्या दिवसांत मी फार क्राय 2 रीतसर विकत घेतला. पूर्वीचा काही रीतसर नव्हता हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. आणि अकरा वर्षांनी शहाणपण येऊन, चाहत्यांनी केलेला एक बदलही त्यात टाकला. त्याने नाक्यावरची माणसं एकदा मेली की परत येत नाहीत. बंदुका अडकत नाहीत. मलेरिया जवळजवळ नाहीच. जे जे मला तेव्हा छळत होतं ते सगळं काढून टाकलं.

पहिल्या दिवशी झकास वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या जुन्या पाच माणसांच्या नाक्यावरून जीप घेऊन गेलो. पत्रा वाऱ्याने हलत होता. बॉनेट उघडी जीप तशीच. मी न थांबता पुढे गेलो, पुढचा नाका रिकामा, त्याच्या पुढचा रिकामा. सरळ रस्त्याने हवं तिथे पोचलो. नदीकडे जायचं कारणच उरलं नाही, ना डोंगराच्या धारेवर, ना घळीत. 50 चौरस किलोमीटरचा प्रदेश एका डांबरी रस्त्याएवढा झाला. संध्याकाळी बदल काढून टाकला आणि खेळ पहिल्यापासून सुरू केला. पहिल्याच नाक्यावर बंदूक अडकली. मी मोठ्यांदा शिवी दिली, बाबांनी पलीकडून विचारलं, "ऑफिसचा फोन आहे का?"

या वेळी पहिल्यांदा शेवटपर्यंत पोचलो. त्या खेळात आपले मित्र असतात. आपण मरायला टेकलो की कुठून तरी येतात, कॉलर धरून ओढत बाजूला नेतात, हातात पिस्तूल देतात. एकदा वाचवून गेले की झोपडीत जाऊन त्यांना पुन्हा तयार ठेवावं लागतं, आणि कधी त्यांनाच गोळी लागते. मग इंजेक्शन द्यायचं, जगले तर जगले. अशा मित्रांवर माझा फार जीव. तर अखेरच्या टप्प्यात हिऱ्यांच्या पेटीवरून हेच मित्र आपल्यावर बंदुका रोखतात. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी गोळी न झाडता बराच वेळ एका पिंपाआड बसून राहिलो. आजीचा प्रश्न आठवला, कुणाच्या बाजूने म्हणून.

परवा दिवाळीत ताई भाच्याला घेऊन आली. वय अकरा. तो मोबाइलवर खेळतो ते शंभर जणांना विमानातून टाकतात, वीस-पंचवीस मिनिटांत एक उरतो, पुन्हा विमान. माझ्या लॅपटॉपवर त्याने हा जुना खेळ बघितला आणि तोंड वाकडं केलं. "मामा, याचा मिनीमॅप कुठे आहे?" मी सांगितलं, मांडीवर. त्याने बटण दाबलं, कागद उघडला आणि तो बघता बघता जीप झाडावर घातली. मी शेजारी बसून फराळाचं खात होतो. शिकवायचं नाही असं ठरवलं होतं.

नाका घ्यायला त्याला सात खेपा लागल्या. जिंकल्यावर त्याने खुर्चीत उभं राहून हात वर केले. मग पुढे गेला, काम करून परत आला.

"मामा! हे परत कसे आले?"

"येतात."

"बग आहे का हा?"

"नाही."

त्याने अविश्वासाने माझ्याकडे बघितलं, पुन्हा गेला, पुन्हा मेला. दोनदा, तीनदा. मग चिडून लॅपटॉप बंद केला आणि गच्चीवर फटाके लावायला निघून गेला. मला वाईट वाटलं, पण मुलांचं असंच असतं, म्हणून मी ताईशी मेट्रोबद्दल बोलत बसलो. बड्या गणपतीजवळ भुयारी स्टेशन होणार म्हणतात, गल्लीत सध्या तेवढाच विषय आहे.

रात्री साडेदहाला आजीच्या खोलीत उजेड दिसला. भाचा पलंगावर मांडी घालून बसला होता, लॅपटॉप समोर, नाक पडद्याला लागलेलं. जीप थांबलेली, नकाशा उघडा. मी दारात उभा असल्याचं त्याने न बघताच ओळखलं.

"मामा, हे निळं आहे ते पाणी आहे ना?"

"हो."

"मग रस्त्याने कशाला जायचं?"

त्याने नकाशा मिटला आणि जीप उतारावरून खाली सोडली.